थापटणं कुणाच्या हातात?

परवा तेरला जाऊन आलो, बऱ्याच वर्षांनी. गाडी ढोकीवरून वळली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. देवळात गर्दी नव्हती. आत्या बरोबर होती, त्यामुळे दर्शन झाल्यावर लगेच निघणं शक्यच नव्हतं. ती ओट्यावर टेकली आणि सवयीप्रमाणे तिनं गोरोबाकाकांची गोष्ट सुरू केली. मी ती पन्नासेक वेळा तरी ऐकली असेल. पण आत्यासमोर "माहितीये" म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

गोष्ट आपल्याकडच्या सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. संतमंडळी काकांच्या घरी जमलेली. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघितलं आणि विचारलं, हे काय? काका म्हणाले, यानं मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मग आमची मडकी तपासा की, मुक्ताबाई म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेवांना मात्र राग आला. काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं आहे.

या वेळी ऐकताना एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. त्या मेळ्यात पांडुरंगाच्या सगळ्यात जवळचा माणूस कोण, तर नामदेव. देव त्यांच्या हातून जेवतो असं सगळं जग सांगत होतं. तरी तेरच्या कुंभारानं "हा कच्चा" म्हणून सांगितलं. वशिला केवढा मोठा आहे ते बघितलं नाही, फक्त आवाज ऐकला. आणि पुढे नामदेवांनीही ते मनावर घेतलं, औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले.

परतीच्या वाटेवर हेच डोक्यात घोळत होतं, आणि त्यातून विचार गेला तो एकदम विधान परिषदेवर. हसू नका. माझं डोकं असंच चालतं हे नातेवाइकांना माहीत आहे. पण या विषयाशी आमच्या घरचं एक जुनं दुखणं जोडलेलं आहे. ते मी आजवर कधी लिहिलं नव्हतं, आज लिहितो.

आमचे अण्णा विज्ञानाचे मास्तर. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, जिथं नगरपालिका आहे, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. १९७२ च्या दुष्काळात आजी आणि थोरले काका खडी फोडायला जायचे. कामावर मिळणारी सुकडी घरी यायची, तिची चव आत्याला अजून आठवते. त्या दुष्काळानंतर अण्णांनी एक उद्योग सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकल काढायची, दोरीला दगड बांधायचा आणि गावातल्या अकरा विहिरींचं पाणी मोजून वहीत लिहायचं. विहिरीचं नाव, तारीख, किती हातांवर पाणी लागलं आणि शेवटी शेरा. कधी "मोटार नवीन", कधी "शेजारी बोअर झाला", कधी नुसतं "कोरडी". लहानपणी दोरी धरायला मी जायचो. पुढे मोठा झाल्यावर लाज वाटायला लागली, मग जाणं सोडलं.

२००१ च्या डिसेंबरात नगरपालिकेच्या निवडणुका झाल्या. त्यानंतर स्वीकृत सदस्य घ्यायचे होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: निवडून आलेल्या नगरसेवकांबरोबर काही जणांना निवडणुकीशिवाय सभागृहात घेता येतं, नगरपालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असेल तर. ते बोलू शकतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. राज्यघटनेतच तसं लिहिलेलं आहे. गावातली दोन शहाणी माणसं अण्णांकडे आली. म्हणाली, सर, पाण्याचं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही, तुमचं नाव देतो. अण्णांनी आढेवेढे घेतले, पण मनातून खूष झाले. आईनं सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं, कारण त्यांनी सगळी वही नव्यानं कोऱ्या वहीत उतरवायला घेतली. सभेत नेता यावी म्हणून.

नाव आदल्या रात्री बदललं. त्यांच्या जागी कोण आलं, हे सांगण्यात आता अर्थ नाही. एवढंच सांगतो की तो मुलगा वाईट नव्हता, आणि त्याचे मामा गुत्तेदार होते.

पुढे दोन-तीन वर्षांनी नगरपालिकेनं पश्चिमेच्या माळावर बोअर घेतले. अण्णांच्या वहीत त्या अंगाला दोन विहिरी होत्या, आणि दोन्हींपुढे जवळजवळ दरवर्षीच्या मार्चात एकच शब्द होता: कोरडी. दोन उन्हाळ्यांत बोअरही कोरडे पडले. मी तेव्हा पुण्याहून फोनवर खूप चिडलो होतो. म्हणालो, अण्णा, तुम्ही निवडणूकच लढवायला पाहिजे होती. अण्णा शांतपणे म्हणाले, "मला कुठं मत द्यायचं होतं? मला नुसतं बोलायचं होतं."

ते वाक्य वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. आता परिषदेकडे येतो.

महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. ३० जणांना आमदार निवडतात, २२ जण स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, पदवीधरांचे ७ आणि शिक्षकांचे ७. उरलेल्या १२ जागांवर राज्यपाल नेमणूक करतात. कुणाची करायची, हेही घटनेच्या कलम १७१ मध्ये स्पष्ट आहे: साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या माणसांची. गंमत म्हणजे राज्यसभेवर राष्ट्रपती ज्या १२ जणांना नेमतात, त्यांच्या यादीत सहकार नाही. तो फक्त राज्यांच्या परिषदांसाठी आहे. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी गावगाड्याचाही विचार केला होता.

आपल्या मराठवाड्याला हे सभागृह तसं उशिरा मिळालं. हैदराबाद राज्यात एकच सभागृह होतं, वरचं नव्हतंच. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो तेव्हा परिषदेशी आपला संबंध आला.

आणि या परिषदेची ताकद किती? खरं सांगायचं तर फारच थोडी. अर्थविषयक विधेयक ती १४ दिवस ठेवून घेऊ शकते, बस. साधं विधेयक पहिल्या खेपेला तीन महिने आणि विधानसभेनं पुन्हा पाठवलं तर आणखी एक महिना. त्यानंतर विधानसभेचंच चालतं. म्हणजे परिषदेला अडवता येत नाही, फक्त सांगता येतं. ज्या सभागृहाचं सगळं बळ सांगण्यात आहे, तिथं सांगणारा माणूस कोण हाच तर मुख्य प्रश्न नाही का? अकरा विहिरींची वही घेऊन आलेला माणूस, की मामांच्या सांगण्यावरून हात वर करणारा भाचा?

आमच्या नात्यातले एक मामा (हे दुसरे मामा, गुत्तेदार नव्हेत!) या विषयावर नेहमी म्हणतात, "निवडून या, मग बोला. लोकशाहीत मागच्या दारानं कशाला?" मामांचा मुद्दा हलका नाही. ज्याला एकाही माणसानं मत दिलेलं नाही त्यानं कायदे करायच्या जागी का बसावं? देशात बरीच राज्यं परिषदेशिवाय मजेत चालतात. तमिळनाडूनं १९८६ मध्ये परिषद मोडली ती आजवर परत आलेली नाही. आंध्रनं १९८५ मध्ये मोडली आणि २००७ मध्ये पुन्हा उभी केली. आज सहाच राज्यांत परिषद आहे.

पण मामांना मी दोन नावं सांगतो. पहिलं गदिमांचं. ग. दि. माडगूळकर १९६२ पासून बारा वर्षं राज्यपालनियुक्त आमदार होते. दुसरं ना. धों. महानोरांचं. पळसखेड्याचा हा शेतकरी कवी १९७८ मध्ये परिषदेवर नेमला गेला आणि तिथं शेती, पाणी, फळबागा यांवर बोलत राहिला. महानोर निवडणुकीला उभे राहिले असते तर निवडून आले असते का? मला शंका आहे. कोरडवाहू जमिनीत पाणी कसं मुरवायचं हे स्वतःच्या रानात करून बघितलेला माणूस जातीचं गणित, गाड्या, बूथ, जेवणावळी यांच्या नादी कशाला लागेल? आणि तो सभागृहात नसता तर नुकसान त्याचं झालं असतं की आपलं?

आणखी एक उदाहरण देतो, नेमलेल्या सदस्याचं म्हणून नव्हे, वरच्या सभागृहाचं म्हणून. वि. स. पागे १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा पहिला प्रयोग करवून घेतला. १९७२ मध्ये योजना राज्यभर लागू झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं ती कल्पना उचलली. आमच्या घरात ज्या काळी खडी फुटत होती आणि सुकडी येत होती, त्या काळात या राज्यात मागेल त्याला काम ही गोष्ट रुजत होती. निवडणुकीच्या रोजच्या धबडग्यातून थोडं बाजूला बसून विचार करणारं एखादं सभागृह असावं, असं मला वाटतं ते यामुळे.

महानोरांना आम्ही आपल्या गावात बघितलं ते २०२० च्या जानेवारीत. ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हा उस्मानाबादला (आता धाराशिव) झालं होतं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, उद्घाटक महानोर. दिब्रिटोंच्या निवडीवरून वाद पेटला होता आणि महानोरांनी येऊ नये म्हणून त्यांना धमकावण्याचे प्रकार झाले. ते आले. अण्णा तेव्हा ऐंशीचे होते, हट्टानं माझ्याबरोबर आले आणि मांडवात मागच्या बाजूला खुर्चीवर बसले. घरी येताना गाडीत म्हणाले, "असा माणूस सभागृहात होता म्हणायचा." बास, तेवढंच. स्वतःच्या त्या जुन्या प्रकरणाबद्दल एक शब्द नाही.

दुर्दैव बघा, त्याच वर्षी या बारा जागांचा जो खेळ सुरू झाला तो चार वर्षं चालला.

२०२० च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना सहा महिन्यांच्या आत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य होणं भाग होतं. करोनामुळे निवडणुका पुढे गेलेल्या. मंत्रिमंडळानं शिफारस केली की त्यांना राज्यपालनियुक्त जागेवर घ्या. अडचण खरी होती, मान्य. पण जी जागा कवी, शास्त्रज्ञ, समाजसेवकासाठी आहे, ती सरकार वाचवायच्या कामी आणायची कल्पना सगळ्यात आधी सुचली, हे मला खटकलं होतं. शेवटी परिषदेची निवडणूक झाली आणि मे महिन्यात ते बिनविरोध निवडून आले.

जूनमध्ये बाराच्या बारा जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबरात महाविकास आघाडी सरकारनं बारा नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. तीन पक्ष, प्रत्येकाची चार नावं. वाटणी आधी ठरली आणि माणसं नंतर शोधली, हे त्यावरूनच कळतं. यादीत आनंद शिंदे यांच्यासारखे लोकगायक होते, कलावंत होते, तसे पक्षांचे नेतेही होते. राज्यपालांनी यादी मंजूर केली नाही आणि फेटाळलीही नाही. नुसती ठेवून दिली! २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं की राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण वाजवी वेळेत निर्णय कळवणं हे त्यांचं कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा वेळ होता. तरी काही हललं नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारनं जुनी यादी मागे घेतली. पुन्हा कोर्टकचेऱ्या.

शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी सात जणांचा शपथविधी झाला. त्याच दिवशी दुपारी निवडणूक आयोगानं विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला, म्हणजे आचारसंहिता लागायच्या काही तास आधी. बाराच्या जागी सात, आणि तेही महायुतीतल्या तीन पक्षांत वाटून. पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड सोडले तर बाकीची नावं आपण पक्षांच्या बातम्यांतच वाचत आलो आहोत. जुनी यादी मागे घेण्याविरुद्धची याचिका २०२५ च्या जानेवारीत फेटाळली गेली, म्हणजे कायद्याच्या बाजूनं त्या यादीचं प्रकरण तिथं संपलं.

कुणी म्हणेल, राजकीय कार्यकर्ता म्हणजे समाजसेवकच की. असेलही. पण मग त्या पाच शब्दांना काही अर्थच उरत नाही. आणि आणखी एक बारीक गोष्ट सांगतो, जी मलाही अलीकडेच कळली. पक्षांतरबंदी कायद्यात नियुक्त सदस्यासाठी वेगळी तरतूद आहे: शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याला हवं तर पक्षात जाता येतं, नंतर गेला तर सदस्यत्व जातं. म्हणजे कायदा असं गृहीत धरून चालतो की हा माणूस पक्षाबाहेरून येईल. आपण त्याला पक्षाच्या कार्यालयातूनच आणतो.

बरं, पक्षाबाहेरचा मोठा माणूस आणला की काम झालं, असंही नाही. याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. परंडा तालुक्यातलं डोंजा. सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेवर राष्ट्रपतीनियुक्त खासदार होता. आदर्श ग्राम योजनेत त्यानं डोंजा दत्तक घेतलं. खासदार निधीतून शाळा, पाणी, रस्ते, गटारं अशी कामं मंजूर झाली आणि २०१७ च्या डिसेंबरात तो स्वतः गावात येऊन गेला. परंड्याकडचे आमचे पाहुणे अजून त्या दिवसाचं वर्णन करतात, जणू पालखी आली होती. गावाला फायदा झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण सभागृहात त्याची हजेरी फार कमी असायची आणि त्यावर टीकाही पुष्कळ झाली. त्याच डिसेंबरात खेळण्याच्या हक्कावर बोलायला तो राज्यसभेत उभा राहिला, तर गोंधळात त्याला बोलूच दिलं नाही. शेवटी ते भाषण त्यानं व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकलं.

मला या प्रसंगात दोन्ही बाजूंचं अपयश दिसतं. बोलायला नेमलेला माणूस वर्षानुवर्षं बोलत नाही आणि बोलायला उठतो तेव्हा निवडून आलेले त्याला बोलू देत नाहीत. रस्ते-गटारं निवडून आलेला खासदारही करू शकतो. नेमलेल्याचं खरं काम बोलणं हेच आहे.

मग करायचं काय? क्रिकेटवरून आठवलं म्हणून जरा वेस्ट इंडिजकडे वळतो. तिकडच्या छोट्या छोट्या बेटांच्या देशांत वरचं सभागृह बहुतेक नेमलेल्यांचंच असतं. नरी कॉन्ट्रॅक्टरला रक्त देणारा फ्रँक वॉरेल आठवतो ना? तोही जमैकाच्या सिनेटमध्ये होता. लाराच्या त्रिनिदादची पद्धत मला सगळ्यात आवडली. तिथल्या सिनेटमध्ये ३१ जण. १६ जण पंतप्रधानांच्या सल्ल्यानं, ६ विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्यानं, आणि उरलेले ९ राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या विवेकानं नेमतात, समाजातल्या वेगवेगळ्या क्षेत्रांतून. सरकारचं साधं बहुमत आहेच, त्यामुळे कारभार अडत नाही. पण ज्या कायद्याला तीन-पंचमांश मतं लागतात तिथं सरकारला १९ जण हवेत, म्हणजे विरोधक किंवा हे नऊ जण यांच्यातून तिघांना तरी पटवावं लागतं. पटवावं म्हणजे मुद्दा सांगून. तिकडेही सगळं गोड नसणार, सत्ता ती सत्ताच. पण एक गोष्ट त्यांनी ओळखली: पंतप्रधानाची माणसं पंतप्रधानानं निवडावीत, पण ज्यांना कुणाचंच माणूस असायचं नाही त्यांना निवडणारा हात वेगळा पाहिजे.

आपल्याकडे राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं असतं, आणि ते योग्यच आहे. केंद्रानं पाठवलेल्या एका माणसाच्या मर्जीवर बारा आमदार सोडावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. कोश्यारींच्या काळात मर्जीनं काय होतं ते बघितलंच. पण मंत्रिमंडळानं आपला सल्ला कसा तयार करावा, हे तर मंत्रिमंडळाच्या हातात आहे ना? त्याला घटनादुरुस्ती लागत नाही. एक समिती करा: दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी, विरोधी पक्षनेते, एखादा निवृत्त न्यायाधीश, एखादा कुलगुरू. तिनं नावं सुचवावीत आणि मंत्रिमंडळानं ती पाठवावीत. प्रत्येक नावापुढे लिहावं की हा माणूस पाचांपैकी कोणत्या क्षेत्रातला आणि त्यानं नेमकं काय केलं. दहा ओळी पुरेत, पण त्या लोकांना वाचायला मिळाव्यात. गेल्या पाच वर्षांत ज्यानं निवडणूक लढवली किंवा पक्षाचं पद सांभाळलं त्याचं नाव घेऊ नये. आणि जागा रिकामी झाल्यापासून तीन महिन्यांत निकाल लागावा, इकडे नाहीतर तिकडे.

मामा म्हणणार, "अरे, असं कुठलं सरकार स्वतःहून हात बांधून घेईल?" बरोबर आहे. झेंडा कुठलाही असो, बारा हात हक्काचे मिळत असताना कुणी सोडत नाही. आमच्या गावच्या नगरपालिकेत मताचाही अधिकार नसलेली एक खुर्ची कुणी सोडली नाही, तर मुंबईतल्या बारा कोण सोडणार? पण म्हणून मागायचंच नाही का? परिषद बंद करा म्हणणारे आणि आहे तसं चालू द्या म्हणणारे, दोघंही एका गोष्टीवर एकमत असल्यासारखे वागतात: या जागांवर चांगला माणूस येऊ शकतो हेच त्यांनी सोडून दिलंय. मला ते सोडवत नाही. मी असा माणूस घरात बघितलाय.

थापटण्यात दोष नाही. मडकं न तपासता पाणी भरायला घेतलं तर अर्ध्या वाटेत फुटतं, हे तेरच्या कुठल्याही कुंभाराला माहीत आहे. दोष आहे तो थापटणं कुणाच्या हातात दिलंय यात. नामदेव देवाच्या जवळचे आहेत म्हणून काकांचा हात थांबला नाही. आपल्याकडे नेमकं उलटं आहे. जवळचा आहे ना, मग मडकं पक्कं!

अण्णा २०२२ मध्ये गेले. पेटीत दोन्ही वह्या सापडल्या. एक जुनी, कडा कुरतडलेली, १९७३ पासूनची. दुसरी २००२ ची, ती सभेत न्यायची होती. तिच्यात सुरेख अक्षरात विहिरींचा नकाशा काढलाय, पश्चिमेच्या दोन विहिरींभोवती तांबड्या शाईनं गोल आहे आणि खाली लिहिलंय, "या बाजूस पाणी टिकत नाही. विचार व्हावा."

जुनी वही २०१५ च्या डिसेंबरापर्यंत भरलेली आहे. शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्याच्या चार महिने आधीपर्यंत. पुढे अण्णांना सायकल जमेना. शेवटच्या पानावर अकरापैकी नऊ विहिरींपुढे "कोरडी" आहे.

दोन्ही वह्या माझ्याकडे आहेत. त्या बाजूला पाण्याचं काम करणारं कुणी असेल आणि उपयोग होणार असेल, तर मला जरूर कळवा. झेरॉक्स काढून देईन. मूळ वही मात्र देणार नाही, आत्या ओरडेल.